इंजिनिअरने लिहायचं कशाला?

आपल्याकडे एक समज फार पक्का आहे. ज्याचं गणित चांगलं त्याने इंजिनिअरिंगला जावं, आणि लिहिणं-वाचणं आर्ट्सवाल्यांनी सांभाळावं. बारावीची परीक्षा संपली की मराठीचं पुस्तक रद्दीत जातं, आणि पुढची चार वर्षं आपल्या मराठी लेखनाची मजल जाते ती फार तर रजेच्या अर्जापर्यंत. हॉस्टेलवर कुणी वही घेऊन चार ओळी लिहायला बसला की बाकीचे लगेच विचारतात, "काय रे, प्रेमात पडलास का?" म्हणजे इंजिनिअरिंगच्या पोराने लिहावं ते एकतर प्रेमात पडल्यावर, नाहीतर केटी लागल्यावर. तिसरं कारणच नाही!

मी गेली काही वर्षं या विभागासाठी लिहितोय. पहिल्या वर्षी कविता दिली, दुसऱ्या वर्षी प्रवासवर्णन, तिसऱ्या वर्षी लेख. आज अंतिम वर्षात मागे वळून बघताना जाणवतं की माझं लेखन बदललं. त्या बदलाचं श्रेय पुस्तकांना आहेच, पण त्याहून जास्त ते सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला आहे. माझं म्हणणं साधं आहे. ज्याला नीट मोजता येतं त्याला लिहायलाही शिकता येतं. आणि आपण काय मोजलं हे ज्याला स्वतःच्या शब्दांत लिहिता येत नाही, त्याला ते पुरतं कळलेलंही नसतं. हे सगळ्यांना पटेल असं नाही, म्हणून जरा सविस्तर मांडतो.

आधी आपल्या जिल्ह्याकडे बघू. "बनी तो बनी, नहीं तो परभणी" असं आपण हसत हसत सांगतो, आणि लगेच "जगात जर्मनी, भारतात परभणी" म्हणून भरपाईही करून टाकतो. पण लिहिण्याच्या बाबतीत आपल्याला भरपाईची गरजच नाही. संत जनाबाई आपल्या गंगाखेडच्या. नामदेवांच्या घरी दळण-कांडण, झाडलोट, पाणी भरणं ही त्यांची कामं. सातशे वर्षं होत आली, तरी त्यांचे अभंग म्हटले की डोळ्यांसमोर जातंच येतं. काम संपल्यावर निवांत वेळ मिळेल आणि मग रचू, असं त्या म्हणत बसल्या नाहीत. हातातलं कामच त्यांच्या अभंगात आलं.

दुसरं नाव बी. रघुनाथ. आपल्याला हे नाव माहीत असतं ते परभणीतल्या बी. रघुनाथ सभागृहामुळे. पण हा माणूस कोण, हे किती जणांना ठाऊक आहे? भगवान रघुनाथ कुलकर्णी हे त्यांचं पूर्ण नाव. जन्म १९१३ चा, सातोना गावचा. हे गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं, आता जालन्यात आहे. हैदराबादला मॅट्रिक होऊन ते परभणीत नोकरीला लागले, आणि खातं कोणतं? सार्वजनिक बांधकाम! सिव्हिलच्या मित्रांनो, ज्या खात्याची स्वप्नं बघत आपण एमपीएससीची पुस्तकं उशाशी घेऊन झोपतो, त्याच खात्यात नोकरी करत या माणसाने कविता, कथा, कादंबऱ्या लिहिल्या. काळही कसा? निजामाचं राज्य, कारभाराची भाषा उर्दू, वरच्या शिक्षणाचीही उर्दू. मराठवाडा मुक्त झाला १७ सप्टेंबर १९४८ ला, आणि बी. रघुनाथ गेले १९५३ मध्ये, अवघ्या चाळिसाव्या वर्षी. कचेरीची भाषा एक आणि मनातली भाषा दुसरी, ही अडचण आपल्याला नवी वाटते. आपल्याच गावात ती ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी एकाने सोसली आणि सोसून लिहिलंही.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर आसाराम लोमटे यांचं घ्या. परभणीत पत्रकारिता करत त्यांनी कथा लिहिल्या आणि ‘आलोक’ या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९९५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन परभणीत भरलं, तेव्हा अध्यक्ष होते नारायण सुर्वे, म्हणजे गिरणीत राबलेला कवी. जिल्ह्याबाहेर पुण्यात बघाल तर दि. बा. मोकाशी रेडिओ दुरुस्ती करून पोट भरत होते आणि मराठीतल्या उत्तम कथा लिहीत होते. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी हे नाव लक्षात ठेवायला हरकत नाही! या सगळ्यांत कुणी मोकळा वेळ मिळाला म्हणून लेखक झालेला नाही. प्रत्येकाच्या हाताला दुसरं काम होतंच.

आता आपल्याकडे या. एका सेमिस्टरला पाच-सहा जर्नल, शिवाय असाइनमेंट, शिवाय मिनी प्रोजेक्टचा रिपोर्ट. पानंच मोजायची तर आपण आर्ट्सवाल्यांपेक्षा जास्त लिहितो. पण सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये चक्कर मारा. मधोमध सीनियरची एक फाईल, तिच्याभोवती सहा जण, आणि कुणाच्या तरी मोबाईलवर गाणी. एम, ॲपरेटस, प्रोसिजर, रिझल्ट, कन्क्लूजन... हात चालतोय, डोकं झोपलंय. फाईलमध्ये एखादं स्पेलिंग चुकलेलं असेल तर ते तीन बॅचेस तसंच सुखरूप प्रवास करतं.

दुसऱ्या वर्षी आमची सहल येलदरीला गेली होती. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवरचं हे धरण १९६८ चं, पायथ्याशी साडेबावीस मेगावॅटचं वीजघर. वर्गातली सगळी पोरं गेली, तेवढेच रिपोर्ट जमा झाले, आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच. धरण कुठे आहे, लांबी किती, उंची किती. हे तर सगळं तिथल्या बोर्डावर लिहिलेलंच होतं! पण येताना बसमध्ये प्रत्येक जण वेगळं बोलत होता. एकाला वीजघरातली थरथर तळपायाला जाणवली होती, आणि एवढं मशीन पायाशी कसं बांधून ठेवतात हा प्रश्न त्याला पडला होता. एक मित्र गप्प होता. त्याच्या आजोबांचं शेत पाण्याखाली गेलेलं, आणि पाण्याकडे बघून तो ते नेमकं कुठे असेल याचा अंदाज करत होता. यातलं एक अक्षर रिपोर्टमध्ये आलं नाही. बसमधलं बोलणं बसमध्येच राहिलं आणि फाईलला बोर्डावरचा मजकूर लागला. मला वाटतं, आपल्या लेखनाचं खरं दुखणं हे आहे. आपल्याला सांगायला काही नसतं असं नाही, पण जे सांगायचं आहे ते ‘लेखन’ म्हणून चालेल असं आपल्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

मला ते कुणी सांगितलं? लेव्हलिंगच्या फील्ड बुकने! हसू नका. सर्व्हेचे नियम आठवा. पहिला नियम, रीडिंग जागेवरच लिहायचं. स्टाफवरचा आकडा दिसला की तिथेच नोंद, रूमवर जाऊन आठवून नाही. दुसरा नियम, खोडरबर वापरायचा नाही. आकडा बदलायचा तर त्यावर एक रेघ मारून वर नवा लिहायचा, म्हणजे आधी काय होतं तेही दिसत राहतं. तिसरा नियम, बेंचमार्क. कुठलीही उंची नुसती उंची नसते, ती कशाच्या तुलनेत आहे हे आधी सांगावं लागतं. आणि चौथा, शेवटी ताळा. बॅकसाईटच्या बेरजेतून फोरसाईटची बेरीज वजा केली की जो आकडा येतो, तोच शेवटच्या आणि पहिल्या आरएलच्या फरकाचा यायला हवा. नाही आला तर पान कितीही सुंदर अक्षरात असो, उपयोग शून्य.

हे चार नियम मी माझ्या लेखनाला लावून बघितले आणि गंमत म्हणजे ते तिथेही चालले. पहिल्या वर्षीच्या माझ्या कवितेत नभ होतं, मेघ होते, सरी होत्या. त्या वयात सगळेच तसं लिहितात आणि त्यात वावगं काही नाही. पण प्रवासवर्णन लिहिताना खिशात छोटी वही होती. एसटीच्या खिडकीतून जे दिसलं ते तिथेच लिहिलं. मानवत रोड स्टेशनच्या बाहेरचा चहावाला ग्लास कसा विसळतो, पाथरीच्या रस्त्याला कापसाचे ट्रॅक्टर किती भेटले, ते आकड्यासकट. मग रूमवर बसून जुळवलं. खाडाखोड तशीच ठेवली. दोन महिन्यांनी ती वाचताना कळलं की मी ‘विलोभनीय’ हा शब्द चार वेळा काढून चारही वेळा काहीतरी साधं लिहिलंय, आणि चारही वेळा ते साधं जास्त बरं वाटतंय. वाढ म्हणतात ती यालाच, दुसरं काय!

आता भाषेचा मुद्दा. आपण शिकतो इंग्रजीत, विचार करतो मराठीत आणि लिहितो कुठल्याच भाषेत नाही, असा आपला प्रकार आहे. सॉइल मेकॅनिक्समधली प्रॉक्टर टेस्ट घ्या. ऑप्टिमम मॉइश्चर कंटेंट म्हणजे काय, हे व्हायवाला घडाघडा सांगता येत होतं, पण समजलं होतं का? तिसऱ्या वर्षी या विभागासाठी काळ्या मातीवर लेख लिहायला घेतला आणि ही संज्ञा मराठीत कशी सांगावी यावर तीन दिवस अडलो. मग घरचा शब्द आठवला, वाफसा. पाऊस पडून गेल्यावर रान लगेच पेरत नाहीत. फार ओलं असेल तर चिखल होतो, फार सुकलं तर ढेकळं निघतात. मधली ती नेमकी वेळ म्हणजे वाफसा. शेतकऱ्याला माती मोकळी हवी, मुळांना हवा मिळायला हवी. रस्ता किंवा भराव करणाऱ्याला तीच माती घट्ट दाबून हवी. दोघांचं काम उलट, पण प्रश्न एकच, पाणी किती? पाणी कमी असेल तर कण एकमेकांवर सरकत नाहीत, जास्त झालं तर कणांची जागा पाणीच अडवून बसतं. हे लिहून काढलं त्या दिवशी प्रॉक्टरचा तो डोंगरासारखा ग्राफ मला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने दिसला. व्हायवाचं उत्तर पाठ करून जे झालं नाही, ते मराठीत एक परिच्छेद लिहिताना झालं.

साईटवर गेलात तर गवंड्याच्या तोंडी बघा किती शब्द आहेत. ओळंबा, गुण्या, जोतं, गिलावा, कोबा, सळई, घमेलं. प्रत्येक शब्द नेमका. आपण त्यांच्यासमोर ‘प्लिंथ’ आणि ‘प्लास्टर’ म्हणतो आणि ते आपल्याला समजून घेतात, हा त्यांचा मोठेपणा. २०२१ मध्ये एआयसीटीईने मराठीसह काही भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला मान्यता दिली. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. आनंद आहे. पण ज्या भाषेत आपण स्वतः एक पान लिहीत नाही, तिला दर्जा मिळून आपल्या हाती काय लागणार?

काही जण म्हणतील, "मग इंग्रजी सोडून द्यायची का? प्लेसमेंटला कोण विचारतं तुझा वाफसा?" नाही, इंग्रजी सोडायची नाही. माझा अनुभव असा, की मराठीत वाक्य स्वच्छ करायची सवय लागल्यावर माझं इंग्रजीही सुधारलं. कारण अडचण बहुतेक वेळा इंग्रजीची नसतेच. काय म्हणायचं आहे हेच ठरलेलं नसतं.

लेखनाचा खरा कस लागला तो मात्र प्रोजेक्टच्या वेळी. मानवत तालुक्यातल्या एका गावात आम्ही चौघांनी नालीची लेव्हल घेतली. शाळेसमोर बारा महिने पाणी साचायचं. तीन दिवस उन्हात स्टाफ धरून उभे होतो. गावातल्या लोकांनी चहा दिला, एका घरी ठेचा-भाकरी झाली. रिपोर्ट इंग्रजीत बांधला, काळं कव्हर, सोनेरी अक्षरं. मार्कही चांगले पडले. नंतर सहज गावात गेलो तर पारावरच्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "काय साहेब, मोजून गेलात, मंग निघालं काय?" आम्ही आरएल, ग्रेडियंट सांगायला लागलो. बाबा शांतपणे म्हणाले, "ते सगळं खरं हाय, पण पाणी काढायचं कुठून ते सांगा की."

त्या प्रश्नाचं उत्तर आमच्या रिपोर्टमध्ये होतं, पण रिपोर्ट कॉलेजच्या कपाटात होता आणि भाषा परकी होती. ज्यांच्या दारातली नाली मोजली त्यांनाच तो वाचता येत नव्हता. त्या रात्री मी एका पानावर मराठीत लिहायला बसलो. ते पान माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड लेखन होतं. ‘ॲडव्हर्स स्लोप’ला काय म्हणायचं? शेवटी लिहिलं, "शाळेच्या कोपऱ्यापासून मारुतीच्या पारापर्यंत नालीचा तळ उतरायच्या ऐवजी चढत जातो. पाणी चढ चढत नाही, म्हणून ते शाळेसमोर थांबतं. तेवढा तुकडा खोल केला तर पाणी ओढ्याला लागेल." शेजारी हाताने काढलेली आकृती, त्यात शाळा, पार, ओढा. बस. आकडे चारच, पण चारही कामाचे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ते पान वाचून दाखवलं गेलं. त्यावर वादही झाला, कुणाच्या दारात खोदायचं यावरून! नाली अजून झालेली नाही. पण गावाने पहिल्यांदा नाली कुठे तुंबते याऐवजी ती का तुंबते यावर भांडण केलं. चाळीस पानी रिपोर्टने जे केलं नाही ते एका पानाने केलं. इंजिनिअरने लिहायचं कशाला, या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर मला तिथे मिळालं.

हॉस्टेलबद्दलही दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. लेखनासाठी एकांत लागतो म्हणतात. हॉस्टेलवर तो फक्त लाईट गेल्यावर मिळतो, आणि तेव्हा दिसत नाही! पण हॉस्टेलसारखा वाचक कुठे मिळणार नाही. माझा रूम पार्टनर मेकॅनिकलचा. त्याला साहित्याशी काही देणंघेणं नाही. मी लिहिलेलं मोठ्याने वाचतो, आणि ज्या ओळीला तो मोबाईल हातात घेतो ती ओळ मी उडवतो. यापेक्षा चांगला संपादक कोणता? आणि एक गोष्ट सिव्हिलनेच शिकवली, क्युरिंग. काँक्रीट ओतल्या ओतल्या त्यावर भार टाकत नाहीत. सात दिवसांत साधारण दोन-तृतीयांश ताकद येते, पण आपण अट्ठावीस दिवसांची ताकद धरतो. लेखही लिहून आठ-पंधरा दिवस बाजूला ठेवावा आणि मग उघडावा. मधे पाणी मारायला मात्र विसरू नये, म्हणजे वाचत राहावं.

आता सगळ्यात नाजूक विषय. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि तेव्हापासून लिहिण्याचा प्रश्नच सुटला असं पुष्कळांना वाटतं. विषय टाका, लेख घ्या. पूर्वी सीनियरची फाईल होती, आता मशीनची. मी या साधनाच्या विरोधात नाही. कोड तपासायला, इंग्रजी दुरुस्त करायला मीही वापरतो. पण फील्ड बुकचा पहिला नियम आठवा, रीडिंग जागेवर घ्यायचं. मानवतच्या त्या पाराजवळ मशीन उभं नव्हतं. आजोबांचं शेत पाण्यात शोधणाऱ्या मित्राशेजारी बसमध्ये ते बसलं नव्हतं. त्याला नालीवर लेख मागितला तर ते जगातल्या सगळ्या नाल्यांची सरासरी देईल. सरासरीने शाळेसमोरचं पाणी हटत नाही. आणि आपण आपली वाक्यं करायचं सोडलं तर काही वर्षांनी आपल्याला दिसणंही कमी होईल, ही माझी खरी भीती आहे. कारण लिहायचं आहे म्हटल्यावरच माणूस नीट बघतो.

म्हणून या निमित्ताने दोन विनंत्या. पहिली सर-मॅडमना. प्रत्येक प्रोजेक्ट रिपोर्टच्या शेवटी एक पान मराठी सारांशाचं सक्तीचं करा, आणि ते ज्यांच्यासाठी प्रोजेक्ट केला त्यांना नेऊन द्यायला सांगा. मार्क पाच द्या, पण ते पान ज्याने लिहिलं त्यालाच तोंडी विचारा. सहलीच्या रिपोर्टमध्ये बोर्डावरची माहिती नको, "मी काय पाहिलं" एवढंच हवं, असं एकदा सांगून बघा. आम्ही लिहू.

दुसरी विनंती मित्र-मैत्रिणींना. या विभागाला दरवर्षी चारोळ्या भरपूर येतात, विनोद येतात, मैत्रीवरचे सुविचार येतात. येऊ द्या. पण सोबत हेही येऊ द्या. मेसच्या टाकीत रोज किती पाणी येतं आणि ते संध्याकाळपर्यंत का पुरत नाही. गावाकडची मोटार वर्षात किती वेळा जळते आणि का. तुमचे वडील नांगराचा फाळ कसा पारखतात. आई चुलीवरचा तवा तापला हे थर्मामीटरशिवाय कसं ओळखते. हे विषय कुठल्याही पुस्तकात नाहीत, तुमच्याकडेच आहेत. व्याकरण चुकलं तर दुरुस्त करायला संपादक मंडळ आहे. फक्त वाक्य तुमचं असू द्या. आणि ते जागेवर लिहा, रूमवर येऊन आठवून नको!

— एक विद्यार्थी, अंतिम वर्ष, स्थापत्य